कापसाच्या मुलखात ड्राय-फिट

परभणीहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय ४३. दीड वर्षापूर्वी तपासणीत साखर काठावर निघाली म्हणून त्या चालायला लागल्या, आणि चालता चालता कधी धावायला लागल्या ते त्यांनाच कळलं नाही. आता आठवड्यातून चार दिवस पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पाच-सहा किलोमीटर धावतात. अंगात सुती कुर्ता, सुती लेगिंग, ओढणी कमरेला गाठ मारलेली. तिसऱ्या किलोमीटरला कुर्ता अंगाला चिकटतो, लेगिंग ओली होऊन खाली घसरते, मांड्या घासून लाल होतात. फिरायला येणाऱ्या बाया विचारतात, "कामून गं एवढा घाम? बरं आहे ना तब्येतीला?" नेमके तेव्हाच एखाद्या विद्यार्थ्याचे वडील समोरून येतात. वैतागून त्यांनी बाराशे-बाराशेचे दोन 'ड्राय-फिट', म्हणजे पॉलिएस्टरचे, टीशर्ट ऑनलाइन मागवले. तेही ओले होतात, आणि महिन्याभरात त्यांना असा वास बसला की धुतल्यावरही जात नाही. सासरे म्हणतात, "कापूस पिकवणाऱ्याच्या घरात प्लास्टिक घालता?" नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे जास्तीचं धुणं हाही प्रश्न आहेच. त्या विचारतात : घाम कमी येईल असा कपडा कोणता? सुती घ्यावं की ड्राय-फिट? की माझ्यासारखीनं धावायचं सोडून नुसतं चालावं?

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सोडू नका. साखर काठावर आली म्हणून बाई आपलं आपण पहाटे उठते आणि सहा किलोमीटर धावायला लागते, हे सोपं नाही. ते एका ओल्या कुर्त्यापायी सोडायचं म्हणजे फार झालं.

आता पहिला प्रश्न. घाम कमी येईल असा कपडा कुठल्याच दुकानात मिळत नाही, आणि मिळाला तरी मी तो तुम्हाला घालू देणार नाही. धावताना शरीर जेवढी शक्ती खर्च करतं, त्यातला थोडाच भाग पाय पुढे टाकायला लागतो. तीन-चतुर्थांशाहून जास्त भागाची नुसती उष्णता होते. ती बाहेर काढायला आपल्याकडच्या उन्हाळ्यात शरीराजवळ एकच खात्रीचा मार्ग आहे, घाम. एक लिटर घाम अंगावरून वाफ होऊन उडाला की जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. साठ किलो वजनाच्या माणसाला सहा किलोमीटर धावायला साधारण साडेतीनशे-पावणेचारशे किलोकॅलरी लागतात, म्हणजे अर्धा लिटर घाम नीट उडाला तरी हिशेब भागतो. पण तो उडायला हवा. कोपरावरून ठिबकून रस्त्यावर पडलेला घाम काडीचाही थंडावा देत नाही. ठिबक शेतात चांगलं, अंगावर ते वाया गेलेलं पाणी.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेते. आपला कपडा ओला होणारच, हे धरून चालू. मग ओला झाल्यावर कोणता कपडा बरा वागतो, एवढंच बघायचं राहतं. दुकानात घडी घातलेला कोरडा कपडा सगळाच छान वाटतो. बघायच्या कार्यक्रमात सगळीच स्थळं चांगली दिसतात, तसं.

'आपला' म्हटलं, कारण मीही त्यातलीच. माझी पहिली दहा किलोमीटरची शर्यत ऑक्टोबरातली. आयोजकांनी दिलेला सुती टीशर्ट मोठ्या हौसेनं घातला होता. सातव्या किलोमीटरला तो लोंबून मांडीपर्यंत आला. घरी येऊन पहिला तांब्या अंगावर घेतला आणि किंचाळलेच. ब्राच्या पट्ट्याखाली बोटभर लांब सोललं होतं आणि तोवर मला त्याचा पत्ताही नव्हता. बाहेरून नवरा विचारतोय, "पाल दिसली का?"

त्या फिरायला येणाऱ्या बायांचं 'कामून' तुम्ही मनाला लावून घेतलंय, असं पत्रावरून वाटलं. घाम किती यावा हे माणसागणिक खूप वेगळं असतं. शिवाय सराव वाढला की शरीर लवकर आणि जास्त घाम सोडायला शिकतं. उन्हाळ्याच्या तोंडाला दहा-पंधरा दिवस नेमानं धावलं की तोच घाम कमी खारटही होतो. म्हणजे वर्षापूर्वीपेक्षा आज तुम्हाला जास्त घाम येत असेल तर तुमचं शरीर तरबेज झालंय, असाही त्याचा अर्थ निघतो. पुरुषाच्या पाठीवरचा घाम मेहनतीचा आणि बाईच्या पाठीवरचा आजाराचा, हे गणित मला कधीच कळलेलं नाही. त्याच बाया दिवाळीनंतर वेचणीला आलेल्या मजुरणींना विचारतात का, कामून गं एवढा घाम म्हणून?

तरी काही खुणा डॉक्टरांना दाखवाव्यात अशा आहेत. धावत नसताना, पंख्याखाली बसल्या बसल्या घाम फुटणं. रात्री झोपेत उशी भिजणं. घामाबरोबर वजन उतरणं, छातीत धडधड, हाताला कंप. यात थायरॉईड असू शकतं. तुमच्या वयात पाळी जायच्या आधीच्या गरम लाटाही असू शकतात. साखरेची गोळी सुरू झाली असेल आणि धावताना एकदम थंडगार घाम, थरथर, भूक असं झालं, तर साखर उतरली असेल. तेव्हा थांबून आधी काहीतरी गोड तोंडात टाका. यातलं काहीच नसेल तर तुमचा घाम हा नुसता घाम आहे.

आता सासऱ्यांचा मुद्दा. मी स्वतः कापसाच्या घरातली. वडील 'नांदेड-४४' लावायचे, दिवाळीच्या सुट्टीत आमचं बालपण वेचणीच्या झोळीत गेलं. सुताला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. पण सासऱ्यांना एवढं विचारा : सीसीआयच्या, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर गाडी नेली की आधी काय बघतात? ओल. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात, बाराच्या वर घेत नाहीत. दवातला कापूस वेचून लगेच गाडी भरली की काय होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. कापूस नुसत्या हवेतली ओलही पितो. साधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरून असतो, पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्काही नाही.

घामाचं तेच होतं. सुती धागा घाम पोटात घेतो आणि फुगतो. फुगला की धाग्यांमधल्या फटी बुजतात, हवा खेळायची थांबते, कपडा जड होऊन लोंबतो. पॉलिएस्टरच्या धाग्यात पाणी शिरत नाही. ते धाग्यांच्या मधल्या बारीक फटींमधून पसरत बाहेरच्या बाजूला येतं, समईच्या वातीत तेल चढतं तसं, आणि तिथून उडतं. (वात कापसाचीच असते, हे मला माहीत आहे. तेल कापसाच्या धाग्यात मुरत नाही, पाणी मुरतं, म्हणून तिथे ती चालते.)

पटत नसेल तर घरी करून बघा. मी केलं होतं. सुती टीशर्ट आणि पॉलिएस्टरची जर्सी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आधी कोरडे तोलले, मग बादलीत बुडवून, हातानं पिळून पुन्हा तोलले. सुती टीशर्ट पिळूनही जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं पाणी धरून बसला होता. तेवढं ओझं तुम्ही गळ्यात घालून तीन किलोमीटर पळता.

पण सुती म्हणजे वाईट, असं म्हणून मी मोकळी होणार नाही. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडची हवा एवढी कोरडी असते की ओला पंचा डोक्यावर टाकून शेतात जाणारा माणूस शहाणाच. तिथे सुताचं पाणी धरून ठेवणंच कामाला येतं, माठासारखं. उन्हाळ्यात अर्धा तास चालायला जाणाऱ्यानं सुती सदरा घातला तर मी काही बोलणार नाही. गणित फिरतं ते जूनमध्ये. मृगाचा पाऊस पडला की हवाच ओली होते, अंगावरचा घाम उडायला जागा मागतो आणि त्याला जागा मिळत नाही. जून ते ऑक्टोबर हे घामट माणसाचे खरे परीक्षेचे महिने, आणि त्या महिन्यांत धावायला सुती कपडा कुचकामी. उन्हाळ्यात उलट फसवणूक होते : टीशर्ट कोरडा वाटतो म्हणून घाम आलाच नाही असं वाटतं, आणि घरी येऊन बघावं तर पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे.

मग तुमचे बाराशेचे टीशर्ट का फसले? एक तर 'ड्राय-फिट' हे मुळात एका कंपनीचं व्यापारी नाव. आपल्या बाजारात आता कुठल्याही चकचकीत पॉलिएस्टरला तेच म्हणतात. त्यात पातळ जाळीदार विणीचा चांगला कपडाही येतो आणि पावसाळी पडद्यासारखा गुळगुळीत, घट्ट विणीचाही. किमतीवरून काही कळत नाही. दुसरं म्हणजे, तासाला लिटरभर घाम येणाऱ्याचा कोणताही टीशर्ट भिजतोच. चांगला कपडा भिजूनही अंगाला चिकटून राहत नाही, जड होत नाही आणि धावणं थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सुकायला लागतो. त्याच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवा.

दुकानात गेलात तर लेबल नंतर वाचा, आधी कपडा तोंडाशी धरून आरपार फुंकर मारा. पलीकडे तळहातावर हवा लागली पाहिजे. मग ट्यूबलाइटसमोर धरा, बारीक भोकं दिसली पाहिजेत. बोट ओलं करून आतल्या बाजूला टेकवा. पाणी दोन-तीन सेकंदांत पसरलं तर कपडा घाम ओढणार, मोत्यासारखं थेंब होऊन बसलं तर तो रेनकोट आहे, परत ठेवा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. शिवण आतून नखानं चाचपा. टोचणारी, उभी राहिलेली शिवण सहा किलोमीटरमध्ये करवत होते. मानेमागचं लेबल घरी गेल्या गेल्या उसवून टाका, कापू नका, कापलेलं टोक जास्त बोचतं. लेबलवर जीएसएम लिहिलं असेल, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, तर ११० ते १४० च्या दरम्यानचं बघा. नेहमीचे सुती टीशर्ट १८० च्या आसपास असतात. छातीवर रबरासारखं जाड चित्र चिकटवलेलं नको, तेवढ्या भागातून वाफ बाहेर पडत नाही. 'बांबू'च्या नावानं विकले जाणारे मऊ टीशर्ट बहुतेक व्हिस्कोसचे, म्हणजे लगद्यापासून काढलेल्या धाग्याचे, असतात आणि ते सुतापेक्षाही जास्त पाणी पितात. घरात घालायला छान. बारीक मेरिनो लोकरीचे टीशर्टही मिळतात, त्यांना वास फारसा धरत नाही, पण त्या किमतीत आपल्याकडे चांगली घोंगडी येते.

मापाचं म्हणाल तर घामट माणसानं वरचा कपडा जरा ढगळ घ्यावा. जाहिरातीतल्या मुली अंगाबरोबर बसणारे टीशर्ट घालतात. ते भिजले की दुसरी कातडी होतात आणि तुमची तक्रारच ती आहे. ढगळ कपडा पावलागणिक हलतो आणि आत हवा ढकलतो. रंगाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण 'दिसतं' ही तक्रार निम्मी रंगाची आहे. फिकट राखाडी सगळ्यात वाईट, त्यावर घामाचा नकाशा उमटतो. पातळ पांढरा भिजला की आरपार दिसतो. गडद निळा, काळा किंवा अंगभर बारीक छपाई असलेला घ्या. काळा रंग उन्हात तापतो हे खरं, पण पहाटे साडेपाचला ऊन कुठलं? आठनंतर धावणाऱ्यांनी मात्र छपाईचा फिकट रंग बघावा.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही त्याबद्दल. धावणाऱ्या बाईचा सगळ्यात महत्त्वाचा कपडा टीशर्ट नसून ब्रा आहे. तुम्ही पत्रात त्याचा उल्लेखही केला नाहीत, त्यावरून नेहमीचीच सुती ब्रा घालत असाल असं धरते. ती पाणी पिते, तिचा पट्टा ओला होऊन वर सरकतो आणि तिथेच कातडी सोलते. स्पोर्ट्स ब्रा घ्या, नायलॉन किंवा पॉलिएस्टरमध्ये स्पॅन्डेक्स मिसळलेली, म्हणजे आपल्या बोलण्यातली लायक्रा. खालचा पट्टा रुंद हवा, त्यात दोन बोटं जेमतेम जावीत, तीन गेली तर ढिली. घालून बघायच्या खोलीत दोन उड्या मारून बघा, तिथे कोणी बघत नाही. मागे हुक असलेलीच घ्या. डोक्यावरून काढायची ब्रा घामानं भिजली की ती काढणं म्हणजे कुस्ती, आणि दोन्ही हात वर अडकलेल्या अवस्थेत मी न्हाणीघरात काय काय बोलले आहे ते इथे छापता येणार नाही. आतले पॅड काढता येत असतील तर काढून टाका, ते स्पंजासारखे घाम साठवतात. टीशर्टवर पैसे वाचवा आणि इथे खर्च करा. अशा दोन लागतील. ताण गेला, पट्टा सैल झाला की बदलायच्या, कितीही नवी दिसत असली तरी.

भरतीच्या तयारीच्या मुलींनी हे आवर्जून वाचावं. ८०० मीटर धावायचे म्हणून त्या बुटांवर घरच्यांचे हजारो रुपये घालतात आणि आत दोन-दोन साध्या ब्रा एकावर एक चढवतात. श्वास कोंडतो आणि घासतंही दुप्पट.

खाली सुती लेगिंग बंद. तिच्याऐवजी लायक्रावाली, कमरेला आतून नाडी असलेली, म्हणजे ओली झाली तरी घसरणार नाही. पूर्ण लांबीची नको असेल तर गुडघ्यापर्यंतची घाला आणि वर लांब जर्सी. सैल ट्रॅकपॅन्टच आवडत असेल तर तिच्या आत मांड्यांना चिकटून बसणारी तोकडी टाइट्स घाला, कातडीवर कातडी घासणं थांबलं पाहिजे. निघण्यापूर्वी जांघेत, काखेत आणि ब्राच्या पट्ट्याच्या रेषेवर पेट्रोलियम जेली चोळा. खोबरेल तेलही चालतं, पण घामाबरोबर लवकर उतरतं. मोजे सुती नकोत, फोड येतात.

घरी आल्यावर चहा नंतर, ओले कपडे आधी काढायचे, आतले तर लगेच. ओल्या कपड्यात बसून राहिलं की जांघेत गजकर्ण धरतं. धरलंच तर मेडिकलवाल्यानं काढून दिलेली ट्यूब लावू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस खाज थांबते आणि नंतर ते असं पसरतं की त्वचेच्या डॉक्टरांनाही महिनोन्महिने आवरत नाही.

ओढणी. यात मी तुम्हाला शिकवणार नाही. परभणीच्या रस्त्यावर काय घालून वावरायचं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त गाठ मारलेली ओढणी ओली होऊन कमरेभोवती नुसतं ओझं होते आणि सुटली तर पायात येते. लांब, दोन्ही बाजूंना चिरा असलेली जर्सी मांडीच्या मध्यापर्यंत आली तर ओढणीचं काम तीच करते. हातात मात्र एक सुती रुमाल ठेवा. डोळ्यात उतरणारा घाम टिपायला त्यासारखं दुसरं काही नाही. टिपायला सूत, घालायला पॉलिएस्टर. सासऱ्यांना ही तडजोड सांगून बघा.

वासाचं सांगते. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली २६ जणांचे व्यायामानंतरचे टीशर्ट तपासले होते. सुतीपेक्षा पॉलिएस्टरला घाण वास जास्त येत होता, आणि वास करणारे काही विशिष्ट जिवाणू पॉलिएस्टरवर जोमानं वाढलेले सापडले. तेव्हा तुमचं नाक खोटं बोलत नाही. पॉलिएस्टर पाण्याला जवळ करत नाही पण अंगाचं तेल धरून बसतं, आणि जिवाणूंना तेच लागतं. लोक मग जास्त पावडर घालतात, वर कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव ओततात. त्या द्रवाचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम ओढायची ताकदच मारतो. ते पहिलं बंद करा. आपल्या बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, त्याचा चिकट मळ कपड्यात राहतो आणि वास आणखी वाढतो. म्हणून पावडर नेहमीच्या निम्मी.

आणि पाणी? तिथे हा कपडा तुमच्या बाजूचा आहे. धावून आल्या आल्या, आंघोळीच्या आधी, जर्सी उलटी करून अर्ध्या बादलीत खळबळून काढा आणि वाऱ्यावर टाका. साबण रोज लागत नाही. मळ वाळला नाही की वास बसत नाही, ओले कपडे गोळा करून बादलीत संध्याकाळपर्यंत ठेवले की संपलं. ते खळबळलेलं पाणी झाडाला किंवा संडासात जातं, वाया काही जात नाही. पहाटे टाकलेली जर्सी तुम्ही शाळेला निघेपर्यंत सुकलेली असते, त्यामुळे चार दिवसांना दोन जोड पुरतात. इस्त्री करू नका. तुमच्या त्या दोन महागाच्या टीशर्टना एक संधी द्या : अर्धी बादली पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर, अर्धा तास बुडवून मग साधं धुणं. दोन-तीनदा केल्यावर वास बराचसा जावा. व्हिनेगरच्या पाण्यात ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. 'वास येणारच नाही' असं सांगून चांदीचा लेप दिलेले टीशर्ट विकतात, तो लेप धुण्यात हळूहळू जातो, त्याला जास्तीचे पैसे मोजू नका.

एकदा, शक्यतो दमट दिवशी, धावण्यापूर्वी आणि नंतर अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. जेवढं कमी भरेल तेवढा घाम गेला, एक किलो म्हणजे साधारण एक लिटर, मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. हा आकडा एकदा कळला की 'एवढा घाम' म्हणजे नक्की केवढा, ते बायांनाही सांगता येईल. सहा किलोमीटरसाठी रंगीत गोड पेयांची तुम्हाला गरज नाही, साखर काठावर असताना तर नाहीच. तहान लागेल तसं पाणी आणि घरी आल्यावर जिरं-मीठ घातलेलं ताक पुरे. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारून. आणि धावताना डोकं गरगरलं, मळमळलं, उकाड्यात अंगावर शहारे आले तर तिथेच थांबून सावलीत बसायचं, घड्याळाकडे बघायचं नाही.

राहिलं कुठून घ्यायचं. ऑनलाइन बाराशे घालण्याआधी गावातल्या जर्सीवाल्याकडे जाऊन या. कबड्डीच्या, क्रिकेटच्या संघांना जर्सी छापून देणारं दुकान परभणीत नक्की असेल, आपल्याकडे गणेश मंडळंसुद्धा आता जर्सी छापतात. त्याला 'डॉट नीट' किंवा 'राइस नीट' कापड दाखवायला सांगा, त्यावर वरच्या फुंकरीच्या आणि ओल्या बोटाच्या परीक्षा करा. छपाई सबलिमेशनची सांगा, त्यात रंग धाग्यातच मुरतो, वर थर बसत नाही. मापाला आपला आवडता जुना कुर्ता न्या : लांबी मांडीच्या मध्यापर्यंत, बाह्या कोपरापर्यंत, बाजूला चिरा, काखेत जाळीचं कापड. एकच जर्सी शिवायला बहुतेक जण का-कू करतात, तेव्हा त्या 'कामून' विचारणाऱ्या बायांपैकी दोघी-तिघींना सोबत घ्या, त्यांच्याही शिवून होतील. मला तरी बाराशेच्या पुष्कळ आत पडली.

माप घेऊन झालं की तो विचारेल, पाठीवर नाव आणि नंबर काय टाकायचा? पहिल्या वेळी मी संकोचानं "काही नको" म्हणाले होते. दुसऱ्या जर्सीवर ५६ टाकून घेतला, माझं तेव्हाचं वय. तुमच्याकडे ४३ आहेच.